सीट नसलेली गाडी

माझ्या गाडीला सीट नाही. मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी दिसली की कोणी ना कोणी थांबतं आणि विचारतं, "सीट काहून काढली भाऊ?" आधी मी समजावून सांगायचो. ही ट्रायल्सची गाडी आहे, ही बसून चालवायचीच नसते, फूटरेस्टवर उभं राहून चालवायची, दगडांवरून, पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा विचारायचा, मायलेज किती देते. आता मी सरळ "चोरीला गेली" म्हणतो. माणूस हळहळतो, जमाना किती खराब आला आहे ते सांगतो आणि आपल्या वाटेनं जातो.

ट्रायल्स म्हणजे काय ते इथंच एकदा सांगून टाकतो. ही शर्यत नाही. कोणाच्या पुढं जायचं नसतं. दगडगोट्यांचा, चढउताराचा एक तुकडा निवडतात, दोन्ही बाजूंनी फीत बांधतात, त्याला सेक्शन म्हणतात. आधी सगळे जण तो पायी चालून पाहतात, कोणता दगड हलतो, कोणता नाही. मग एकेकानं गाडी घेऊन त्यातून पाय न टेकता बाहेर यायचं. पाय टेकला की एक दोष, पडलात तर पाच. एकदाही न टेकता बाहेर आलात तर सेक्शन क्लीन. सगळा खेळ तोलाचा आहे, बाकी काही नाही.

आणि म्हणूनच मी त्यात पडलो. लोकांना मी सांगतो की चाळिशी आली, पोट सुटलं, म्हणून एक हौस केली. हौसबिस काही नव्हती. मला भीती होती.

माझे वडील सरकारी ऑफिसात बाबू होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आयुष्यात दारूचा थेंब नाही. आमच्या घरी पंचशील रोज सकाळी म्हणायचे आणि दिवसभर पाळायचेही. पाचव्या शीलाच्या बाबतीत तर वडील फारच कडक; लग्नात कोणी पिऊन आलेला दिसला तर भरल्या ताटावरून उठून जायचे. अशा माणसाचे पाय चाळिशी ओलांडल्यावर वाकडेतिकडे पडायला लागले. दोन पायांत अंतर ठेवून चालायचे, कधी भिंतीकडे झुकायचे, कधी नालीकडे. पुढं जीभही जड झाली. असा चालणारा आणि असा बोलणारा माणूस पाहून वस्तीनं जे समजायचं तेच समजलं.

बसस्टॉपवरून घरी येताना एक पानठेला लागायचा. मी तेव्हा बारावीत होतो, वडिलांची पिशवी धरून त्यांच्यासोबत चाललो होतो. ठेलेवाला चुना लावता लावता हसून म्हणाला, "काय बाबूजी, आज दिवसाच लावली का?" वडील थांबले. ठेल्याची फळी दोन्ही हातांनी धरून वाकले आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्यांनी श्वास सोडला. "घे," म्हणाले, "वास घे. येऊन राहिला का?" तो मागं सरला. वडिलांनी पुन्हा श्वास सोडला. पान खायला आलेले लोक पाहत उभे होते. वडिलांचे डोळे भरले होते आणि ते थांबतच नव्हते, श्वासावर श्वास सोडत होते. मी हात धरून त्यांना घरी आणलं. त्या ठेल्याला आग लावावी असं मला त्या दिवशी वाटलं होतं, आणि खरं सांगतो, आजही वाटतं.

खरा आजार कळायला फार वर्षं गेली. कोणी कमजोरी म्हटलं, कोणी लकव्याचा झटका, कोणी करणी. शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरनं नीट सांगितलं, की यांचा लहान मेंदू आक्रसून राहिला आहे, जो शरीराचा तोल सांभाळतो तो. घराण्यातून येतो. तेव्हा आठवलं की आजोबाही शेवटी खाटेवरच होते; "त्याईचे पाय गेले," एवढंच घरात म्हणायचे. औषध नाही. पोटच्या लेकरात उतरायची शक्यता निम्मी. ज्याच्यात उतरला नाही त्याच्यापुढं मात्र तो जात नाही, तिथंच संपतो. मी एकुलता एक. डॉक्टर मला म्हणाले, रक्ताची तपासणी होते, करून घ्या. मी म्हटलं, पाहू.

वडील गेले तरी माझं "पाहू" चालूच होतं. लग्नाआधी बायकोला सगळं सांगितलं होतं, तिनं हिमतीनं हो म्हटलं. मुलगी झाली. मुलगी मोठी व्हायला लागली तसं बायकोचं बोलणं बदललं. "तुमच्यासाठी नाही म्हणत मी," ती म्हणायची, "पोरीसाठी म्हणते. तुम्हाला नसेल तर तिलेही नाही. विषयच मिटला." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. पण उलटं निघालं तर काय, हे ती बोलायची नाही आणि मीही नाही. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो.

वडिलांचं जेव्हा सुरू झालं त्या वयाला मी पोचलो आणि माझं डोकं फिरलं. फरशीच्या रेषेवरून चालून पाहायचो. जिना उतरताना कठडा मुद्दाम धरायचो नाही. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये कोणी मागून येत असेल तर त्याला पुढं जाऊ द्यायचो, म्हणजे माझी चाल त्याला दिसणार नाही. एक दिवस चहा सांडला तर तीन रात्री झोपलो नाही. बायकोला सांगितलं, गरमी फार आहे.

कॉलेजपासूनचा माझा एक मित्र आहे. महाल भागात त्याचं बिजलीच्या सामानाचं दुकान, आणि डोक्यात गाड्यांचं खूळ. मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहून पाहून त्यानं एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीची ट्रायल्सची गाडी बनवली होती. सीट, इंडिकेटर, साइड पॅनल, जे जे वजनाचं ते सगळं काढून फेकलं, हँडल रुंद केलं, सायलेन्सर वर उचलला, मागचं चेनचं चक्र मोठं बसवलं म्हणजे गाडी रांगत रांगत चालेल. पुढं त्याला बाहेरून आलेली खरीखुरी ट्रायल्सची गाडी भेटली, तेव्हा ही जुनी त्यानं माझ्या गळ्यात घातली. म्हणाला, "घेऊन जाय बे. किती दिवस असं मेल्यासारखं तोंड घेऊन फिरशीन?"

पहिल्या रविवारी तो मला शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या खदानीत घेऊन गेला. काळ्या दगडाचे कडे, मधे साचलेलं हिरवं पाणी, बाभळी, आणि चरायला आलेल्या बकऱ्या. तिथं त्यानं मला गाडीवर उभं केलं आणि म्हणाला, "हे पाह्य, यात ताकद नाही लागत. तोल लागते. ज्याचा तोल गेला, तो गेला."

माझ्या घरचं त्याला काही माहीत नव्हतं. आमच्या घरी ही गोष्ट बाहेर सांगायची पद्धतच नव्हती. पण त्याचं ते वाक्य ऐकलं आणि मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की हीच आपली तपासणी. सुई नको, डॉक्टर नको, कोणाच्या तोंडाकडं पाहत बसायला नको. पाय टेकवल्याशिवाय जमलं तर मला काही नाही.

पहिला धडा गाडी बंद ठेवूनच असतो. इंजिन बंद, हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून जागच्या जागी उभं राहायचं. सांगायला सोपं आहे. मी उभा राहिलो की गाडी डावीकडं जायची, पाय टेकायचा. पुन्हा उभं राहायचो, उजवीकडं जायची, पाय टेकायचा. गुडघे लटलट कापत होते. नव्या माणसाचे गुडघे कापतातच, सगळ्यांचे कापतात, पण त्या दिवशी मला माझे पाय दिसतच नव्हते, वडिलांचे दिसत होते. अर्ध्या तासात मी गाडी दगडाला टेकवून बाभळीखाली जाऊन बसलो.

मित्र पाण्याची बाटली घेऊन आला. "काहून रडकं तोंड करून राहिला गा? माहे तर पहिल्या महिन्यात पाय थांबतच नव्हते."

"महिनाभर?"

"हाव ना. बायको म्हणे, हे माणूस आहे का लटकन."

महिन्याचा तो शब्द धरून मी घरी आलो. महिनाभर. म्हणजे महिनाभर तरी मला कोणी काही म्हणू शकत नाही. मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी पार्किंगमध्ये बंद गाडीवर उभा राहायला लागलो. दूध आणायला निघालेल्या बाया थांबून पाहायच्या. वॉचमन म्हणायचा, "साहेब, चालू नाही होऊन राहिली का? धक्का मारू?" नजर पुढच्या चाकावर न ठेवता समोरच्या भिंतीवर ठेवायची, हे मला तेव्हा उमगलं. चाकाकडं पाहिलं की पडतो.

गाडी चालवण्याइतकंच ती सांभाळायलाही शिकावं लागलं. मी टेबलावरचा माणूस, पान्याचे नंबर मला ठाऊक नव्हते. चेन इतकी ताणून बसवली की मागचं चाक फिरेना. टायरमध्ये रस्त्यावरच्या गाडीसारखी टाइट हवा भरली आणि दगडावरून रबराच्या चेंडूसारखा उडालो. ट्रायल्सच्या टायरात हवा अगदी कमी ठेवतात, म्हणजे रबर दगडाला धरून बसतं. सगळ्यात मोठा घोळ एअर फिल्टरचा केला. त्यातला स्पंज काढला, स्वच्छ धुतला, उन्हात कडक वाळवला आणि मोठ्या कौतुकानं तसाच कोरडा बसवला. तो कोरडा ठेवायचा नसतो. तेलात बुडवून, पिळून लावायचा, कारण ते तेलच धूळ धरून ठेवतं. खदानीतली भुकटी दोन रविवार सरळ इंजिनात गेली. मित्रानं हेड उघडलं, पिस्टनवरचे ओरखडे पाहिले आणि मला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. मला मात्र त्या गोड लागल्या. कारण ही चूक माझ्या अकलेची होती, माझ्या रक्ताची नव्हती.

उन्हाळ्यात गाडी तापायची. हळू चालते, वारा लागत नाही, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन काय सांगावं. आम्ही पहाटे जायचो आणि ऊन चढायच्या आत परत यायचो. क्लच एका बोटावर धरायचा, किंचित सोडायचा, गाडी दगडाला नाक लावते, मग थोडी रेस, शरीर मागं, आणि ती वर. वर्षभरात मला हे जमायला लागलं. बोटाला क्लचचा घट्टा पडला, पोट कमी झालं. पायांना दगड कळायला लागले.

थंडीत रामटेककडं मित्राच्या ओळखीचे पाच-सात जण जमले. गडाच्या पलीकडच्या बाजूला, वस्तीपासून दूर, मोठमोठे गोल दगड आहेत. धान कापून झालेलं होतं, शेतातल्या बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. फिती बांधल्या, सेक्शन पायी फिरून झाले. तिसरा सेक्शन अवघड होता, ओल्या दगडांवरून चढून एका झाडाभोवती वळायचं आणि तसंच खाली उतरायचं. माझ्या आधी मित्र गेला, त्याचा दोनदा पाय टेकला. मी गेलो. काय केलं ते आठवत नाही, नजर वर होती एवढं आठवतं. बाहेर आलो तर फितीपाशी उभा असलेला माणूस मूठ बंद करून दाखवत होता. शून्य. क्लीन.

मी हेल्मेट काढलं नाही. काचेच्या आत रडत होतो.

घरी आलो आणि जेवायला बसल्या बसल्या बायकोला म्हटलं, "मले काही नाही. आज पक्कं झालं." तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पोळी वाढत म्हणाली, "चांगलं झालं. मग आता टेस्ट करायला काय हरकत आहे?" मी ताट सरकवलं. "तुले दुसरं काही दिसत नाही का वं? ज्याचा तोल गेला तो माणूस तिथून उतरून तरी दाखवीन का?" असं बरंच काही बोललो. मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. बायकोनं ताट पुन्हा माझ्यासमोर सरकवलं.

पुढची दोन वर्षं मी सुखात होतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. फरशीच्या रेषा पाहणं बंद झालं. झोप लागायची. घरी भांडी घासताना गाणी म्हणायचो. मुलीला कॉलेजला सोडायला जायचो तर उगाच लांबच्या रस्त्यानं न्यायचो. वडिलांचा फोटो पाहून पहिल्यांदा असं वाटलं, की बाबा, तुमच्यापाशीच संपलं हे.

मग चेन लॉकची पत्ती आली. चेन जिथं जोडतात तिथं नखाएवढी एक पत्ती बसवावी लागते, पकडीनं दाबली की टक करून बसते. मी ती कितीदा बसवली होती. त्या रविवारी ती बसेना. हात पत्तीजवळ जायचा आणि शेवटच्या क्षणी पुढं निघून जायचा. एकदा, दोनदा, कितीदा. पत्ती खाली पडली, शोधली, पुन्हा पडली. मी म्हटलं, नंबर वाढला असेल. दुसऱ्या दिवशी जाऊन चष्मा बदलला. नव्या चष्म्यानंही नाही बसली तेव्हा म्हटलं, पार्किंगमध्ये उजेड कमी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीशी दिव्यावरून भांडून आलो. पाय तर ठीक होते ना. आदल्याच रविवारी तर मी खदानीत माझ्या छातीएवढ्या दगडावर चढलो होतो.

एका दुपारी मी मित्राला फोन केला. क्लचची केबल तुटायला आली होती, त्याच्या ओळखीच्या दुकानात मिळेल का ते विचारायचं होतं. दोन वाक्यं बोललो असेन. तो हसला आणि म्हणाला, "काय बे, आज दिवसाच लावली का?"

गमतीत म्हणाला. मी पीत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे? पुढं केबलबद्दल काहीतरी सांगत राहिला. मी फोन कानाला धरून उभा होतो आणि मला त्याचं काहीच ऐकू येत नव्हतं. माझं तोंड नकळत उघडं झालं होतं. मी श्वास सोडत होतो, भिंतीसमोर.

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली. ती चप्पल काढत होती तेवढ्यात मी विचारलं, "माहं बोलणं जड झालं का वं?"

तिनं दुसरी चप्पलही काढली, नीट जागेवर ठेवली. "दिवाळीपासून," म्हणाली.

"मग सांगितलं काहून नाही?"

"इतके खूश होते तुम्ही."

मी तिच्यावर ओरडणार होतो, पण ओरडायचं काय ते सापडलं नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली. मग मीच म्हटलं, उद्या जाऊ.

डॉक्टर तरुण होता. त्यानं मला नाकाला बोट लावायला सांगितलं, मग त्याच्या बोटाला, मग पुन्हा नाकाला. एका रेषेत चालायला लावलं. मी चालत असताना त्याच्या भुवया वर गेल्या. "पाय तर फार छान आहेत," म्हणाला, "काही व्यायाम करता का?" मी गाडीचं सांगितलं. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं मोबाइलवरचा माझा व्हिडिओ पाहायला मागितला. "अहो, या आजारात आम्ही लोकांना हेच करायला सांगतो. तोलाचा व्यायाम, रोज, जमेल तितका अवघड. बहुतेक तुमचं बरंच आधी सुरू झालं असणार. तुम्ही गाडीवर होता म्हणून ते पायांत दिसलं नाही. हे चालूच ठेवा."

तो चांगल्या मनानं बोलत होता. माझी मात्र त्याची कॉलर धरायची इच्छा झाली. ज्याला मी तपासणी समजत होतो ते औषध होतं, आणि त्या औषधानं दोन वर्षं मला वेड्यात काढलं. रामटेकला मूठ बंद झालेली पाहून मी काचेच्या आत रडलो होतो, तेव्हाही तो आजार माझ्या अंगात बसलेला होता. रक्ताचं उत्तर काही आठवड्यांनी आलं. ते आम्हाला तोपर्यंत माहीतच होतं.

मित्राला मी घरी बोलावून सांगितलं, वडिलांपासून सगळं. तो "मी मजाकमध्ये म्हटलं होतं बे," एवढंच दोनदा म्हणाला. त्यानंतर तो पार्किंगमध्ये गेला, माझ्या गाडीची चेन काढली, साफ केली, पत्ती बसवली आणि मला न सांगताच निघून गेला. ते काम आता तोच करतो.

राहिली मुलगी. त्या तरुण डॉक्टरनं सांगितलं होतं, अठरा पूर्ण झाल्यावर तिचं ती ठरवेल, कोणी जबरदस्ती करायची नाही. अठरा तर तिला उन्हाळ्यातच पूर्ण झाली होती. एका रविवारी सकाळी आम्ही दोघांनी तिला समोर बसवलं. बायकोनं सगळं नीट, हळू आवाजात सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर नवीन काही ऐकल्यासारखं वाटेना. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "बेटा, माहीत असलेलं बरं असते. पुढं लग्न आहे, लेकरंबाळं आहेत. आपण तपासणी करून टाकू."

"मी नाही करणार."

"काहून नाही?"

"तुम्ही केली होती का पप्पा? लग्नाच्या आधी?"

"पप्पासोबत असं बोलतात का वं?" बायको म्हणाली.

"मी भांडून नाही राहिली आई. विचारून राहिली." ती माझ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिनं बोट पांढरं केलं होतं. "मले सगळं ऐकू यायचं आतल्या खोलीत. तुम्ही त्या दिवशी रामटेकहून आले, मले काही नाही म्हणाले, तेव्हापासून किती चांगले राहत होते. भांडे घासता घासता गाणे म्हणत होते. दोन वर्षं भेटले ना तुम्हाला तसे? मलेही पाहिजे."

काय सांगणार होतो मी तिला, की ती दोन वर्षं खोटी होती? तीच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती आणि हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"मले गाडी शिकवा," मुलगी म्हणाली.

पुढच्या रविवारी मी तिला खदानीत घेऊन गेलो. माझंच हेल्मेट तिच्या डोक्यावर ढिलं होत होतं, पट्टा आवळून दिला. गाडी बंद ठेवली. हँडल वळवून दाखवलं, पुढचा ब्रेक दाबायला सांगितलं, आणि पुढच्या चाकापाशी उभा राहून म्हटलं, चढ. ती चढली. गाडी डावीकडं गेली, तिनं पाय टेकला. पुन्हा चढली. उजवीकडं गेली. तिसऱ्यांदा थोडी टिकली. तिचे गुडघे लटलट कापत होते.

नव्या माणसाचे कापतातच. मित्राचे महिनाभर कापत होते, माझे कापत होते. पण मित्राच्या कापण्यात आणि माझ्या कापण्यात फरक होता की नव्हता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता तिच्याकडं पाहून कळेल की काय, याची मला इतकी भीती वाटली की मी मान फिरवली. पलीकडं साचलेल्या पाण्याच्या काठावर बकऱ्या उतरल्या होत्या, त्यांच्याकडं पाहत राहिलो.

"पप्पा, बरोबर उभी आहे ना मी?"

"हाव," मी म्हटलं, "एकदम बरोबर." मी तिच्याकडं पाहिलंच नव्हतं.